सीमेवरची खूण

सर, माझ्या हातून एक निर्दोष गोष्ट घडली आहे आणि ती तपासायला तुम्ही आता हयात नाही. अभिमानाने लिहिते आहे. अभिमान हा पुरावा नव्हे हे तुम्हीच शिकवलेत, म्हणून क्रमाने मांडते.

कॉलेजात तुमचा तर्कशास्त्राचा तास आहे आणि मी फळ्यापाशी उभी आहे. पाच विधाने लिहून मी खाली लिहिते, ‘तिसऱ्या विधानावरून निष्कर्ष सिद्ध होतो.’ तुम्ही उठता, सगळ्यांच्या वर एक नवे विधान लिहिता आणि खडू माझ्या हातात देता. “आता तुमचं तिसरं कोणतं, बाई?” वर्ग हसतो. “क्रमांक ही विधानाची जागा आहे, ओळख नाही. वर कोणी आलं की तुमचा पुरावा शेजाऱ्याच्या दारात.” पुढे मीही हाच विषय शिकवला आणि निवृत्त होऊन पडेगावात राहायला आले. शेताचे प्लॉट झाले, प्लॉटांच्या गल्ल्या. पाऊस हुकलेल्या वर्षी बोअर आटले, टँकर सुरू झाले आणि पाळ्या लावण्याचे काम सोसायटीने माझ्याकडे दिले.

मी ते संगणकावर ठेवले. साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये प्रत्येक गल्लीची नोंद असते आणि प्रोग्राम त्यातून आजच्या कामांची वेगळी यादी काढतो. यादीतली ओळ ही नुसती नक्कल. तिच्यामागे एक न दिसणारी खूण असते, मूळ नोंद कुठे आहे हे सांगणारी. यादीत ‘झाले’ केले की बदल त्या खुणेवरून मूळ नोंदीत होतो. ही खूण ओळींचे क्रमांक मोजत नाही. वर कितीही मजकूर आला तरी आपल्या नोंदीबरोबर खाली सरकते. प्रोग्रामचा हा कोड प्रथम वाचला तेव्हा तुम्ही वर्गात येऊन गेल्यासारखे वाटले.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या गल्लीच्या मध्ये घरांची नवी रांग उभी राहिली. यादी समोर उघडी असतानाच मी तिसऱ्या गल्लीच्या नोंदीच्या अगदी वर नव्या गल्लीची नोंद लिहिली. दुपारी तिसऱ्या गल्लीत टँकर आला, मी यादीत ‘झाले’ केले. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या गल्लीतली एक बाई फाटकात उभी. सिल्लोडकडून मेंढरे घेऊन आलेले कुटुंब, आता बांधकामावर मजुरी करणारे.

“मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरमधी आमच्याकडं पाणी आलंय म्हनं.”

“हो, तशी नोंद आहे.”

“मंग आमच्या हंड्यांला कोनी सांगितलं नाय वाटतं.”

मी आधी टँकर वळवला, मग फाइल उघडली. ‘झाले’ हे तिसऱ्या गल्लीऐवजी नव्या गल्लीपुढे लागले होते, म्हणून तिची फेरीच निघाली नव्हती. खुणेच्या वर मजकूर आला तर खूण सरकते, खाली आला तर सरकत नाही. नेमका खुणेवरच आला तर? कोडात ठरलेले उत्तर असे की खूण जागची हलत नाही. माझी खूण तिथेच राहिली आणि नवी गल्ली तिच्याखाली येऊन बसली. दोन्ही उत्तरे तर्काला मान्य आहेत. एक निवडावे लागते, आणि चुकीचे निवडले तर कोणाचे तरी हंडे कोरडे राहतात. मी निवडले आणि कोड तसा बदलला: खूण नोंदीबरोबर जाईल. शिवाय ‘झाले’ लावण्यापूर्वी ओळ आणि मूळ नोंद यांची नावे जुळवायची, जुळली नाहीत तर थांबायचे.

संध्याकाळी त्या बाईला सांगितले की आता असे होणार नाही.

“उद्या अजून एक गल्ली झाली, म्हंजे?”

“ती तिच्या जागी, तुम्ही तुमच्या.”

“बघू,” ती म्हणाली. तुम्हीही एवढेच म्हणाला असता.

त्यानंतर कितीतरी गल्ल्या झाल्या. प्रत्येक वेळी मी मुद्दाम दोन नोंदींच्या सीमेवरच, नेमकी खुणेपाशी, नवी नोंद घालून पाहिले, खूण चुकली नाही. हे काम मी स्वतः केले, सर, आणि ते चोख आहे.

एक कबूल करते. त्याच फाइलमध्ये ‘सरांना दाखवणे’ अशी एक नोंद आहे. ती रोज यादीत येते आणि मी रोज ती उद्यावर ढकलते. ‘झाले’ची कळ तिच्यावर चालते की नाही, एवढे मात्र मी तपासलेले नाही.