बंदरापाशी अडखळणारं विमान

चिझुरू,

तुझ्या कुझेकाकाच्या वसंतातल्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे. त्याचे डोळे पुरते जायच्या आत संगणकावरच्या खेळातल्या विमानांतून आपल्या सादो बेटावर एकदा सोबत उडू या, एवढंच त्याचं मागणं. पण माझ्या संगणकावर बेटाचं बंदर जवळ आलं की चित्र अडखळतं आणि विमान आपटतं. पुढच्या सुधारणेत सगळं सुरळीत होईल, असं खेळवाले दर वेळी सांगतात आणि मी थांबतो. पत्राच्या रीतीप्रमाणे उत्तराच्या सुरुवातीला घालायचं ऋतूचं वाक्य तेवढं बदलत राहिलो. आधी चेरीचा बहर, मग पाऊस, मग रातकिडे.

काल नवी सुधारणा आली. चित्र तसंच अडखळलं. तू म्हणालीस, "बाबा, विमान सुधारेपर्यंत काकांचे डोळे थांबणार आहेत का?"

भात कुकरमध्ये आहे, मासा झाकून ठेवलाय. घरात एकट्याने बसवत नाही, म्हणून गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरात जातोय.

आज कुझेला ऋतूचं वाक्य गाळूनच लिहिलं, "अडखळतच येतो. रविवारी तयार राहा." टपालपेटीत टाकल्यावर परत काढावंसं वाटलं, पण फटीतून हात आत जात नाही.

बाबा