बारा मिनिटांची भेट

मंगळवार, ९ सप्टेंबर

मिस्त्रींना माती देऊन आलो. बूट अजून पायातच आहेत.

पाळक म्हणून उपदेश मीच केला. चांगला झाला म्हणे! तिघा-चौघांनी हात हातात घेऊन सांगितलं. मी त्यांना आपल्या मंडळीचा, आपल्या चर्चचा खांब म्हणालो. ते हयात होते तेव्हाही म्हणायचो. खोटं काय त्यात? अकरा घरांची मंडळी होती आमची, एका रिकाम्या गोदामात भरायची. तेव्हापासूनचा हा माणूस. बसायला काही नव्हतं तर सुतारकाम संपवून संध्याकाळी येऊन चोवीस बाकं केली त्यांनी. आज साडेतीनशे माणसं आहोत. नवी इमारत जवळजवळ उभी राहिली. आणि आमचा सगळ्यात जुना माणूस गेला.

एक गोष्ट मात्र सकाळपासून पोखरते आहे. शनिवारी दवाखान्यात गेलो होतो. त्या दिवसाची नववी भेट. मिस्त्रींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "साहेब, एक सांगायचं राहिलंय. बरीच वर्षं राहिलंय." मी म्हणालो, "प्रभू सगळं जाणतो, मिस्त्री. चला, प्रार्थना करू या." डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मला वाटलं, शांत झोप लागली! खूश होऊन दहाव्या भेटीला गेलो.

काल सकाळी ते गेले. काय सांगायचं होतं त्यांना?

बुधवार, १० सप्टेंबर

भेटी ११. सगळीकडे मिस्त्रींचाच विषय. मीच बोललो, पुष्कळ बोललो.

रविवार, १४ सप्टेंबर

उपासनेनंतर पंचांची बैठक. नव्या इमारतीतल्या सभागृहाला मिस्त्रींचं नाव द्यायचं, दाराशी पाटी लावायची — "अढळ विश्वासाच्या स्मरणार्थ". इमारतीचा अर्पणविधी, म्हणजे उद्घाटन, १९ ऑक्टोबरला, त्याच दिवशी अनावरण. एकमताने ठरलं. मिस्त्रींच्या बायकोची, म्हणजे मावशींची, संमती मी आणायची.

"एका भेटीत काम होईल," सेक्रेटरी म्हणाले. यांना सगळे घड्याळमास्तर म्हणतात, आणि उगीच म्हणत नाहीत. बारा मिनिटांची भेट ही कल्पना माझी, पण ती अंमलात आणली त्यांनी. दोन मिनिटं विचारपूस, पाच मिनिटं बायबलमधलं वचन, पाच मिनिटं प्रार्थना. पुढचं घर! साडेतीनशे माणसांपर्यंत पोचायचं तर दुसरा मार्ग काय? पाळकांच्या वार्षिक मेळाव्यात यावर माझं व्याख्यानही झालं होतं. टाळ्या पडल्या. चार मंडळ्यांनी ही पद्धत उचलली.

दोन मिनिटं विचारपूस. आज पहिल्यांदाच तो आकडा मला टोचला.

सोमवार, १५ सप्टेंबर

बायकोला दवाखान्यातली गोष्ट सांगितली. ती कपडे घड्या करत होती. हात थांबले नाहीत.

"तुम्ही ‘चला, प्रार्थना करू या’ म्हणालात ना, की माणसं तुमच्या चपला शोधायला लागतात," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना कळतं, साहेब निघाले."

मी चिडलो. नाही नाही ते बोललो. बावीस वर्षांत हे आजच सुचलं का, वगैरे. ती म्हणाली, "सुचलं होतं हो. पण सांगायला लागले की तुम्ही माझ्यासाठीही प्रार्थना करता."

जेवलो नाही. कुणाला शिक्षा केली देव जाणे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मावशींकडे गेलो. मिस्त्रींची हत्यारं जमिनीवर कापडावर मांडून त्या एकेक पुसत होत्या. रंधा, पटाशा, छोटी करवत. मी बसलो, बायबल उघडलं.

"आज वचन नको, साहेब. प्रार्थनाही नको. बसायचं असेल तर बसा."

वीस वर्षांच्या सेवेत मला असं कुणी म्हणालं नव्हतं! बायबल मिटलं. मग हातांचं काय करायचं ते कळेना. गुडघ्यावर ठेवले, घडी घातली, पुन्हा गुडघ्यावर. मावशी पटाशीला तेल लावत होत्या. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं, आणि मनगटावरच्या घड्याळात पाहायची लाज वाटली.

शेवटी राहवलं नाही. "मावशी, मिस्त्रींना मला काहीतरी सांगायचं होतं. तुम्हाला ठाऊक आहे का?"

त्यांनी वर पाहिलं. रागावल्या नव्हत्या; रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता ऐकायचंय होय तुम्हाला?"

पाटीचा विषय काढायचा राहूनच गेला. रस्त्याच्या कडेला उभा राहून रडलो. मंडळीतलं कुणी येत नाही ना, हेही बघत होतो. एवढा हुशार मी!

गुरुवार, २५ सप्टेंबर

पुन्हा मावशींकडे. पाटीचं सांगितलं, मजकूरही वाचून दाखवला. त्या हसल्या. मिस्त्री गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या, पण मला ते हसू सोसलं नाही.

"अढळ," म्हणाल्या. मग, "पुढच्या गुरुवारी या."

मिस्त्रींना माझीच काही तक्रार सांगायची असणार. नव्या इमारतीचं लाकूडकाम आम्ही बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं. त्यांना विचारलंही नाही. तेच असणार. तेच असू दे. त्याची माफी मागता येईल.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

शाळेतल्या शिपायाकडे गेलो. बारा मिनिटं झाली. जीभ टाळ्याला लावून धरली. तेरा, चौदा. विसाव्या मिनिटाला तो एकदम म्हणाला, "साहेब, माझा भाऊ नऊ वर्षं माझ्याशी बोलत नाही." मग दीड तास. तो बोलत होता, मी ऐकत होतो. निघताना त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

भेटी ३. घड्याळमास्तर आकडा बघून हबकले. "साहेब, तब्येत बरी आहे ना? तिमाही अहवालात काय लिहायचं मी?"

"लिहा, पाळक बसले होते."

त्यांनी खरंच लिहून घेतलं!

गुरुवार, २ ऑक्टोबर

गेलो. बसलो. आलो. मावशींनी विषय काढला नाही. मीही नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आजचं आजच लिहायला हवं.

मावशींनी चहा दिला आणि समोर बसल्या. त्यांची एकुलती मुलगी चार वर्षांपूर्वी तापाने गेली. तेविसाव्या वर्षी. तिचं नाव त्या घरात कुणी काढत नाही. आज मावशींनी काढलं.

"ती गेली त्या दिवशी तुम्ही आलात. हे त्या कोपऱ्यात उभे होते. यांनी विचारलं तुम्हाला — साहेब, माझीच का? आठवतं?"

आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं. निदान तेवढं खरं बोललो.

"तुम्ही डोळे मिटलेत," मावशी म्हणाल्या.

"मावशी, मी प्रार्थना केली असेल."

"केलीत ना. चांगली केलीत. मी आमेन म्हटलं. हे नाही म्हणाले. त्यानंतर चार वर्षांत कधीच नाही म्हणाले. तुमचे डोळे मिटलेले असायचे, तुम्हाला कसं कळणार?"

मग त्या सावकाश बोलत गेल्या, मध्ये थांबत. घरात त्या प्रार्थनेला बसल्या की मिस्त्री बाहेर जाऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, मी हाक मारतो तिकडे आता कुणीच नाही गं. लोक पाया पडल्यासारखे बोलायचे त्यांच्याशी, खांब म्हणायचे, तेव्हा घरी येऊन जेवायचे नाहीत. हे सगळं त्यांना माझ्यापाशी सांगून टाकायचं होतं. तीनदा माझ्या घरी आले. तिन्ही वेळा मी त्यांच्यासाठी प्रार्थना करून त्यांना दारापर्यंत सोडलं. चौथ्यांदा दवाखान्यात.

तोंडात आपोआप तेच शब्द आले — चला, प्रार्थना — आणि मी ते गिळले. मावशींनी पाहिलं असावं. माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

अंधार पडायच्या आत घरी आलो. बायकोला म्हणालो, तुला मला काय काय सांगायचं असायचं? ती म्हणाली, "एका दिवसात नाही व्हायचं हो ते."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

माळ्यावरून चार वर्षांपूर्वीची रोजनिशी काढली. तो दिवस सापडला. माझंच अक्षर, टापटीप, एक खाडाखोड नाही.

"भेटी ९. मिस्त्रींची मुलगी वारली. प्रार्थना केली. दोघांनाही खूप आधार वाटला. संध्याकाळी नव्या जागेची मोजणी."

हे मी लिहिलं होतं. खूप आधार वाटला! कुणाला विचारून लिहिलं मी हे?

रविवार, १२ ऑक्टोबर

पंचांना सांगितलं, पाटी लागणार नाही. गलका झाला. "मजकूर कोरून झालाय साहेब! कारण तरी सांगा." घड्याळमास्तरांनी वहीत लिहायला पेन उघडलं. मी म्हणालो, कारण मिस्त्रींचं आहे, ते वाटायचा मला हक्क नाही. चूक मात्र माझी आहे, ती हवी तर लिहा.

तिघे उठून गेले. घड्याळमास्तर बसून राहिले. पेनाला टोपण लावून म्हणाले, "लिहीत नाही. तुम्ही नुसतं सांगा."

मी माझी चूक तेवढी सांगितली. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज मावशींना विचारलंच. विश्वास उरला नव्हता तर मिस्त्री चार वर्षं दर रविवारी पहिल्या बाकावर का येऊन बसायचे? मावशी म्हणाल्या, "तुमच्यासाठी. मी म्हणायचे, नका जाऊ एवढा त्रास होतो तर. तर म्हणायचे, अगं, ते पोरगं एवढं जीव तोडून बोलतं. त्याचं ऐकायला कुणी नको का?"