कॉकपिटमधली रिकामी जागा

दादा,

विमानासकट तू बेपत्ता झालास त्याला वर्षं लोटली. उद्या तुझी स्मृतिसभा होती. तू परत येशील म्हणून अडून बसलेली वहिनी अखेर कबूल झाली होती. सभेसाठी मी तुझ्या लढाऊ विमानाचं मॉडेल केलं. रंग दिला, धुराचे डाग रंगवले, कॉकपिटवर काच चिकटवली, वार्निश मारलं आणि पाहतो तर रंगवलेला इवलासा वैमानिक टेबलावरच वाळतोय! काच आता निघायची नाही.

"वहिनी, मी गाढव. दादाला आत बसवायलाच विसरलो."

तिने डोकावून पाहिलं. "विसरला नाहीत, भाऊजी. त्यांनीच उडी मारलीय." लगेच फोन करून तिने सभाच रद्द केली!

मी हबकलोच. इतकी वर्षं तिला शहाणपण शिकवणारा मीच, आणि आता मीही सारखा आत डोकावतोय.

दादा, खरंच मारलीस का उडी? हे पत्र कुठे टाकू, तेवढं कळव.

पत्र हातात घेऊन बसलेला,
तुझा धाकटा