खाली मासे, वर पालक

५ जानेवारी, सकाळ
काचेची टाकी आली. जेवणाच्या टेबलासमोर ठेवली. तिथे हिचं शिवणाचं मशीन होतं, ते बेडरूममध्ये सरकवलं. तात्पुरतं. ही परत येईल तेव्हा घरचा पालक तयार असेल, मग ती मशीनचं नावही काढणार नाही.

प्रोजेक्ट सोपा आहे. खाली टाकीत मासे, वर ट्रेमध्ये खडे, खड्यांत रोपं. माशांनी घाण केलेलं पाणी पंप वर चढवतो, त्या घाणीचं खत होतं, ते रोपं खातात आणि स्वच्छ पाणी पुन्हा खाली. सारा जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेल्या माणसाला यात अवघड काय असणार?

ही मुलीकडे गेली ती बाळंतपणासाठी, महिनाभर म्हणून. नातू आता रांगायला लागला. मी कोणाला काही बोललेलो नाही.

संध्याकाळ
फोनवर हिला सगळी सिस्टिम समजावून सांगितली. ऐकत होती. मग म्हणाली, एक मिनिट हं, आणि नळाचा आवाज यायला लागला. बाकीची माहिती मी नळालाच दिली.

८ जानेवारी
व्हिडिओतला माणूस म्हणतो, पाणी आधी महिना-दीड महिना माशांशिवाय नुसतं फिरू द्या. तेवढ्यात पाण्यात जिवाणू वाढतात, आणि घाणीचं खत तेच करतात. ते नसतील तर माशांची घाण माशांनाच बाधते. असेल. पण रिकाम्या पाण्याकडे बघत जेवायचं म्हणजे फार झालं. काल ताट उचलून टीव्हीसमोर नेलं. उद्या मासे आणणार.

९ जानेवारी
गोल्डफिश. दुकानातल्या बाई म्हणाल्या, एवढ्या टाकीला चार पुरेत. दहा घेतले. घर भरलेलं बरं.

माशांना नावं द्यायची नाहीत, हे ठरलेलं आहे. ते एकट्या पडलेल्या माणसांचे उद्योग. फक्त एकाचं तोंड कायम उघडं असतं, आमच्या जुन्या साहेबांचं असायचं तसं. त्याला साहेब म्हणतो. ते नाव नव्हे, वर्णन आहे.

१२ जानेवारी
शास्त्रीय निरीक्षण: मी समोर आलो की दहाच्या दहा मासे काचेपाशी धावत येतात. या घरात मी आलो म्हणून कोणी धावत आल्याला बरीच वर्षं झाली. मुलगी लहानपणी यायची, पण तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे असे.

खाण्याच्या पाकिटावर लिहिलंय, दिवसातून एकदा, चिमूटभर. लिहिणाऱ्याला काय, तो काही त्यांच्यासमोर बसून जेवत नाही. मी जेवताना त्यांना देतो. चहाच्या वेळीही देतो. समोर कोणी असताना एकट्याने खाणं बरं दिसत नाही.

१५ जानेवारी
खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर तावातावाने वर आले. त्यांच्या छतातून पाणी ठिबकत होतं. आमच्या पाईपचा सांधा गळत होता. मी चहा टाकला. ते नको म्हणत होते, पण मी सिस्टिम समजावायला लागलो तेव्हा त्यांना बसावंच लागलं. तासभर बसले. भला माणूस. इतकी वर्षं साधी ओळख नव्हती.

१६ जानेवारी
सांध्याला टेप गुंडाळली. आता थेंबही गळत नाही. कामात कसर ठेवायची आपल्याला सवयच नाही.

१९ जानेवारी
डॉक्टर पुन्हा आले नाहीत. बरोबरच आहे, पाणी गळत नसताना कशाला येतील. सांधा किंचित सैल करून बघावा का, असं मनात आलं. टेस्टिंग म्हणून. केला नाही. आज तरी.

२१ जानेवारी, रात्री जेवण झाल्यावर
मोठं यश. व्हिडिओ कॉलवर फोन टाकीपुढे धरला. नातू साहेबाला बघून खदखदून हसला, स्क्रीनवर हात मारायला लागला. एरवी आमचा फोन म्हणजे जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. आज ही, मुलगी, जावई सगळे त्या चौकटीत दाटीवाटीने. त्यांना मी दिसत नव्हतो, पण माहिती माझीच चालली होती.

शेवटी ही म्हणाली, सात तारखेला आम्ही सगळे येतो, बाळाला मासे दाखवायला. मुलगी म्हणाली, बाबा, तुझा पालकही खायचाय.

निश्चय: सात फेब्रुवारीपर्यंत पालक ताटात आणि मासे दुप्पट. खुराक वाढवला.

२५ जानेवारी
पालकाला चारच पानं, तीही पिवळी. बी खराब असणार. दुकानात तक्रार करायची आहे.

मासे मात्र मजेत. हल्ली पाण्यावर तोंड काढून उघडझाप करतात. ते माझ्याशी बोलतात, असं म्हणणं अशास्त्रीय होईल. पण इथे दुसरं आहे कोण?

२८ जानेवारी
मुलगी म्हणाली, बाबा, तूच इकडे ये ना चार दिवस, मग सगळे मिळून तिकडे जाऊ. मी म्हणालो, माशांना कोण बघणार?

खरं कारण ते नाही. मागे गेलो होतो तेव्हा जावयाने टॉवेल कुठे असतात ते दाखवलं. चांगल्या मनानेच दाखवलं. ही त्या स्वयंपाकघरात न बघता डबे काढत होती, आणि मी चमचे कुठे आहेत ते विचारत होतो. बाळ झोपलं की मला सांगत, हळू बोला. मी बोलतच नव्हतो. शेवटी घरी प्लंबर येणार आहे म्हणून परत आलो. प्लंबर वगैरे कोणी नव्हता. त्या सोफ्यावर सगळ्यांच्यात बसून मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं इथे वाटत नाही. इथे निदान चमचे सापडतात.

२ फेब्रुवारी, सकाळ
पाणी जरा गढूळ. वासही येतोय. एक मासा तळाशी आडवा. विश्रांती घेत असावा.

दुपार
विश्रांती नव्हती. आणखी तिघे तसेच.

खालच्या डॉक्टरांना बोलावलं. म्हणाले, अहो, मी दातांचा. तरी आले. लहानपणी त्यांच्या घरी मासे होते म्हणे. बघून म्हणाले, हे तोंड वर काढतायत कारण त्यांना पाण्यात श्वास घेता येत नाही. न खाल्लेलं खाणं तळाशी सडलंय. किती घालता? मी म्हणालो, चिमूटभर. ते तळाच्या थराकडे बघत राहिले. मग म्हणाले, अर्धं पाणी बदला आणि खायला घालणं बंद करा. मी विचारलं, पण ते धावत येतात, त्याचं काय करू? त्यांनी चहा सावकाश, पूर्ण घेतला.

३ फेब्रुवारी
पाणी बदललं. माशांना कडक उपास. जेवणाच्या वेळेपर्यंत नेटाने पाळला. मग सगळे काचेपाशी आले. सगळे म्हणजे आता सहा. साहेब पुढे. अगदी थोडं दिलं. तेवढ्याने कोणाचं काय होणार, म्हणून अजून थोडं दिलं.

५ फेब्रुवारी
साहेब गेला. तोच शेवटचा होता.

त्याला वर्तमानपत्रात गुंडाळताना रडू आलं. बराच वेळ थांबेना. एका माशासाठी कोणी एवढं रडत नाही, हे मलाही कळतं.

असो. उद्या नवे आणतो. एक उघड्या तोंडाचा बघून घ्यायचा. बाळाला काय फरक कळणार.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
दुकानात साहेबासारखा मासा शोधत होतो, तेवढ्यात हिचा फोन. बाळाला ताप आहे, उद्याचं येणं रद्द. पुढच्या आठवड्यापासून मुलीचं ऑफिस सुरू, तेव्हा हिला आता तिथून हलता येणार नाही. किती दिवस, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

तरी तिने फोन ठेवला नाही. नळबिळ काही चालू नव्हता. म्हणाली, अहो, तुम्हीच या ना इकडे. मला करमत नाही.

एवढ्या वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती. येतो म्हणायला तोंड उघडलं आणि सोफा आठवला. बाहेर आलं ते, माशांना कोण बघणार?

ती म्हणाली, हो, तेही खरंच. जपा त्यांना. आणि फोन ठेवला.

दुकानातल्या बाईंनी विचारलं, कोणता देऊ? नुसता बघतोय, म्हणालो.

७ फेब्रुवारी
टाकीसमोर बसून जेवलो. पंप चालू ठेवलाय. पाणी वर जातं, खाली येतं. घरात तेवढाच आवाज.

पालकाला नवं पान आलंय, चांगलं हिरवंगार. हिला लगेच सांगावंसं वाटलं. पण पालकाचं सांगितलं की ती माशांचं विचारणार. फोन केला नाही.