सामनेवाला क्रमांक एक

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी बरे आहात असं धरून चालते, कारण तुझा फोन लागत नाही आणि वहिनी माझं नाव दिसलं की उचलत नाही. अक्षर बघून दचकू नकोस, डाव्या हाताचं आहे. लहानपणी तू माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचास. आता खरोखरच कोंबडी लिहायला बसली आहे असं समज.

इकडे लेक पास झाली. सकाळी माझी वेणी तीच घालते आणि मेली इतकी ओढून घालते की डोळे वर जातात. कपड्यांच्या कारखान्यात मला कटिंगच्या टेबलावरून उठवून तयार कपड्यांचे लोंबते धागे कापायला बसवलंय. ठाणच्या ठाण कापणारी बाई मी! मालक भला माणूस आहे, पण भलेपणालाही मुदत असते.

आता कोर्टाचं. नोटिशीवर नाव बघून तू म्हणालास, बहिणीनं भावाला कोर्टात खेचलं. पैसे विमा कंपनी देणार आहे, पण अपघात झाला ती गाडी तुझी आणि चालवत होतास तू, म्हणून कागदावर मी अर्जदार आणि तू सामनेवाला क्रमांक एक. कंपनी क्रमांक दोन. माझ्या वकीलबाईंनीही तुला हे समजावलं होतं. त्या पैशातून मानेचं ऑपरेशन झालं तर उजवा हात परत येईल अशी आशा आहे, फार उशीर झाला तर नाही. माझं मागणं एवढंच.

कंपनीच्या वकिलांनी गाडीचा फोटो दाखवला. बंपरला नुसता चरा. एवढ्याशा धक्क्यानं मानेतली चकती सरकते का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सरळ बसलेल्या माणसाची सहसा नाही, मान वळलेली असेल तर सरकू शकते. मग कंपनीच्या वकिलांनी पोलिसानं जागेवर लिहून घेतलेलं वाचलं. शेजारी बसलेली बाई म्हणते, "मला काही नाही झालं."

मी काय सांगणार होते त्यांना? बाबांच्या पट्ट्याचं? आपल्यात एकाकडून दुसऱ्याला लागलं की ज्याला लागलं त्यानंच आधी म्हणायचं, मला काही नाही झालं. नाहीतर ज्याच्याकडून लागलं त्याच्या पाठीवर वळ उठायचे. तुझ्या हातून दारात माझं बोट चेमटलं, नख काळंनिळं पडलं, तरी मी तेच म्हणाले. मी तुला झोक्यावरून पाडलं तेव्हा तू तोंडातलं रक्त गिळून तेच म्हणालास. अपघाताच्या दिवशी तू स्टिअरिंग घट्ट धरून बसला होतास, पोलीस खिडकीशी वाकला होता, आणि माझ्या तोंडून तेच निघालं. दुसरं काही आपल्याला येतच नाही. अंगठा बधिर होऊन कात्री हातातून निसटायला लागली ती पुढच्या आठवड्यात.

वकीलबाई परत परत विचारायच्या, धक्का बसला तेव्हा तुम्ही नक्की कशा बसला होतात? मी दर वेळी सांगायचे, सरळ.

परवाच्या तारखेला कंपनीच्या तपासनिसाला तू दिलेला जबाब वाचला गेला. बहीण सरळ बसली होती, आणि तिचा हात आधीपासूनच दुखायचा, तसं ती मला सांगायची. कंपनीचे वकील म्हणाले, सख्खा भाऊ सांगतोय, आणखी काय पुरावा हवा?

कधी सांगितलं होतं रे मी तुला?

त्या दिवशी गाडीत तू म्हणालास, "मागच्या सीटवर माझा चष्मा पडलाय तो दे, समोरचं धुरकट दिसतंय." मी सीट बेल्ट सैल करून पूर्ण मागे वळले, हात लांबवला, आणि पुढचा टेम्पो थांबला. चष्मा माझ्या मुठीत होता. पोलीस यायच्या आत तू तो घेऊन डोळ्यांवर चढवलास. तू पोटासाठी गाडी चालवतोस. परवाना गेला तर नोकरी गेली, हे मला कळत होतं. म्हणून मी स्वतःच्या वकिलापासूनही ते लपवलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

राग नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. राग आहे. तू नुसता गप्प बसला असतास तर मीही बसले असते, धागे कापत. कदाचित तुला खरंच वाटायला लागलं असेल की हात आधीपासून दुखत होता. तसं असतं तर तुझ्या हातून काही घडलंच नसतं ना. मला कळतं ते. पण कळून हातातल्या मुंग्या थांबत नाहीत.

सोमवारी माझी साक्ष आहे. काल वकीलबाईंना चष्म्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावाचं काय होईल याचा विचार केलात?" मी म्हटलं, आत्तापर्यंत तोच करत होते. सख्खा भाऊ खोटं बोलतोय का, असं मला विचारतील. मी हो म्हणणार आहे. तू समोर असलास तर तुझ्याकडे बघून म्हणेन. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र.

वहिनीला नमस्कार सांग, घेणार असेल तर. आणि डोळे तपासून घे.

ज्याला लागलं त्यानं काय म्हणायचं ते मला अजून पाठ आहे. पण या वेळी नाही म्हणवत. मला लागलंय, दादा.

तुझी धाकटी,
अर्जदार