सुभेदाराचं बिऱ्हाड

नेर, ३ डिसेंबर १९६१

पोचलो एकदाचा. कल्याणला गाडी बदलून बडनेरा, आणि तिथून कापसाच्या बैलगाड्यांमागे रखडणाऱ्या मालमोटारीने नेर. सुभेदार गार्डाच्या डब्यातून राजासारखा आला. निघण्याआधी पोट हलकं ठेवलं होतं, पाणी थोडं थोडं, सोबत त्याची जुनी गोधडी. गुरांच्या डॉक्टरचा कुत्रा आहे तो. बदली झाली म्हणून पुण्याची मंडळी गळा काढत होती. मला काय त्याचं? सुशीला गेल्यापासून माझं म्हणावं असं हे एकच जनावर उरलं आहे, आणि ते बरोबर आहे.

घर ऐसपैस. मालक खेमसिंग नाईक, तांड्यावरचा मोठा कास्तकार. मिशीला पीळ आहे, अकलेला नाही. सुभेदार उंबऱ्यावर अडला, तर म्हणे ओढू नका, त्याच्या मनाने येऊ द्या. खेमसिंगचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे आणि मोकळा बैल बसेल तिथेच मुक्काम करायचे. या घरात त्याचा बैल शिरला नाही, म्हणून हा स्वतः तांड्यात राहतो. वर मला सांगतो, "बांधून आनलेलं जनावर घराचं होते, डाक्टर. चालत आलेलं धन्याचं राह्यते."

बैलाला विचारून बिऱ्हाड करणारा माणूस मी प्रथमच पाहिला. दोराचं एक टोक सुभेदाराच्या गळ्यात होतं. दुसरं मी स्वतःच्या कमरेला बांधलं आणि पाठ फिरवून आत चालू लागलो. आला नखं घासत. खेमसिंगचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

५ डिसेंबर

नव्या घरात जनावर आधी एकाच खोलीत ठेवावं, ओळखीचं अंथरूण द्यावं, खाण्याची वेळ बदलू नये. हे सांगून सांगून माझा घसा बसला. इथले लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन लिंबू उतरवतात.

सुभेदाराला माजघर दिलं. तिथे भिंतीत एक लोखंडी कडी आहे आणि तिच्यासमोरची फरशी अर्धगोल झिजलेली. पूर्वी कुणी वासरू बांधत असेल. माजघरात वासरू! काय ही माणसं. सुभेदार मोकळाच आहे, तरी कडीखालीच बसतो. निवाऱ्याची जागा शोधली असेल.

१० डिसेंबर

दुपारी दवाखान्यातून जेवायला आलो तर सुभेदार माझ्यावर भुंकला. परक्यावर भुंकतात तसा. मी शीळ घातली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या माजघराकडे पाहिलं, आणि शेपूट हलवली ती तिकडे बघून. कुत्र्याचं इमान ही कवींनी उठवलेली भुमका आहे.

शेजारच्या तानाबाई विचारत होत्या, सकाळभर कुत्र्याला शीळ घालत बसता, तुम्हाला काही काम नाही का? सकाळभर मी एका अडलेल्या म्हशीपाशी होतो. बाईंचे कान गेलेत.

१४ डिसेंबर

गळ्यातला पट्टाही काढला. तरी त्या कडीपुढे फिरतो, झिजलेल्या रेषेवरून, मान ताणून. गळ्याचे केस गेले आहेत. पिसाळल्याची एकही खूण नाही, पुन्हा पुन्हा तपासलं. बाहेर न्यायला उचलला, तर उंबऱ्यावर माझ्या हातांतून मागे खेचला गेला. खेचला गेला असंच लिहितो, दुसरा शब्द नाही. पदवीधर माणूस हे लिहितो आहे, लाज वाटते.

दवाखान्यात लक्ष लागत नाही. दुपार झाली की पाय आपोआप घराकडे वळतात. हा कुत्रा गेला तर मला कुणीच नाही.

१७ डिसेंबर

मी ओसरीवर होतो, तोंड मिटून. शीळ ऐकली. माझीच. तीच, शेवटी मोडणारी – सुशीला हसायची तिला. माजघरातून. भर दुपारी. सुभेदार उठला आणि भिंतीपुढे जाऊन शहाण्यासारखा बसला –

घर सोडतो. त्याला घेऊन. कसंही.

१८ डिसेंबर

ट्रंक बाहेर टाकली. गोधडी टाकली. उंबऱ्याशी कमरेला हिसका बसला. सदरा वर करून पाहिलं, तर कमरेभोवती वळ. दोराचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात – इथे सुंभच नाही, पीळ तेवढा उमटलाय.

खेमसिंगला बोलावलं. कापा म्हणालो. काय कापू? त्याला काही दिसेना. बाहेरूनच हात धरून ओढलं त्याने, जीव खाऊन. वळातून रक्त आलं तेव्हा सोडलं. आत काही आला नाही. फेटा काढून उभा राहिला.

"एकट्या कुत्र्यासाठी नोतो बोललो, डाक्टर. दोराले दोन टोकं असते."

अडाणी. बैलाला विचारणारा अडाणी – आणि मी –

तारीख –

सुभेदार आता भुंकत नाही. ओळखतो. शेजारी येऊन बसतो, पाठीला पाठ लावून. बरं वाटतं. फरशी गुळगुळीत आहे, पायाला लागत नाही –

पुण्याला कळवायला हवं, जनावर नव्या घरात नेताना आधी –

शीळ.

त्याचे कान उभे. आम्ही दोघंही उठ