रूपालीचं लगीन आणि माझा टीसीपी

४ एप्रिल, दुपार
आज हळ्ळीखेडला अक्काच्या घरी सगळ्यांसमोर जबाबदारी घेतली. माझी भाची रूपाली, तिचं लगीन मे महिन्यात ठरलंय आणि तिच्या वडिलांना, नागनाथ दाजींना, कुवेतहून सुट्टी मिळंना. अक्का रडायली होती. मी म्हणालो, दाजी तिथं बसून अख्खं लगीन बघतील आणि माळा पडल्या की तिथूनच लेकीला आशीर्वाद देतील. चिटगुप्प्यात कंप्युटर क्लास चालवणारा सख्खा मामा असताना रडायचं कामून?
बायको शिवकन्या म्हणाली, साधा व्हिडिओ कॉल लावला तरी भागंल. चारचौघांत तिला काय समजावायचं. व्हिडिओ कॉल कोणीबी लावतं.

५ एप्रिल
संकल्प: रोज पहाटे उठून प्रोटोकॉलची उजळणी. प्रोटोकॉल म्हणजे दोन कंप्युटरांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. क्लासमध्ये मी हे वर्षानुवर्षं शिकवतोय. आता वापरायचं.

६ एप्रिल
लाइट नव्हती. डास. पहाट हुकली. उद्यापासून नक्की.

९ एप्रिल
उजळणी झाली (दुपारी केली, दुपारी डोकं जास्त चालतं). मार्ग दोन. टीसीपी आणि यूडीपी. दोन्हीत चित्राचे बारके तुकडे करून पाठवतात. टीसीपी तुकड्यांची पोच मागतो. हरवला तर पुन्हा पाठवतो, आणि मागचा पोचल्याबिगर पुढचा दाखवत न्हाई. यूडीपी नुसता फेकत जातो. मिळालं तर मिळालं.
निर्णय: टीसीपी. पोरीच्या लग्नाचा एक तुकडा हरवता कामा नये.
शिवकन्येला समजावलं. ती म्हणाली, मागचं पोचेस्तोवर मांडवातली माणसं काय थांबून राहणार हाईत का? तिचं बेसिक कच्चं आहे.

१४ एप्रिल
जयंती. काम बंद. मिरवणुकीत भरपूर नाचलो.

१५ एप्रिल
कंबर.

१८ एप्रिल
लग्नाच्या पत्रिका ईमेलनं पाठवल्या. ईमेल न्यायचं काम एसएमटीपी नावाचा प्रोटोकॉल करतो. सगळ्या व्यवस्थित पोचल्या. अक्काचा फोन, पाहुणे म्हणायलेत आम्हाला बोलावणंच न्हाई. मी सांगितलं, एसएमटीपी टपाल दारात नेऊन टाकतो. दार उघडायचं काम पाहुण्यांचं. अक्कानं हळद लावून कागदाच्या पत्रिका वाटायला घेतल्या. डबल खर्च.

२२ एप्रिल
गुलबर्ग्याला जाऊन कॅमेरा लॅपटॉपला जोडायचं यंत्र आणलं. शरणबसव भेटला. डिप्लोमाला माझ्या बाकावर होता, आता नेटवर्कमध्ये मोठा इंजिनियर. माझा प्लॅन ऐकून म्हणाला, लाइव्ह बोलायचं असंल तर यूडीपी बरा. चित्र जरा फुटंल, पण माणूस त्या क्षणाला तिथं असंल. चहा त्यानंच पाजला. मोठ्या शहरात राहून माणसं निष्काळजी होतात.

२७ एप्रिल
दाजींसाठी वेबपेज तयार केलं. आधी त्यांच्या फोननं उघडूच दिलं न्हाई, पेज सुरक्षित न्हाई म्हणून लाल अक्षरं आली. दाजी भ्याले, कंपनी आपल्याला हाकलून देईल म्हणाले. पेज एचटीटीपीवर होतं, म्हणजे उघडं पोस्टकार्ड. ते एचटीटीपीएसवर आणलं, म्हणजे बंद पाकीट. मजकूर तोच. हे मला माहीत होतं. दाजींची परीक्षा घेत होतो.

४ मे
हळ्ळीखेडला ट्रायल. शाळेमागचं मोकळं मैदान, एक म्हैस आणि मी. म्हैस कुवेतमध्ये लख्ख दिसली. दाजी खूष. घरी येऊन शिवकन्येला दोनदा सांगितलं.

१० मे, सकाळ
लगीन आज. मांडवात कॅमेरा, मांडवामागच्या खोलीत लॅपटॉपचं टेबल लावलंय. पाहुणे यायलेत. सगळं ओके.

१० मे, दुपार
पाहुणे लई. सगळ्यांच्या हातात फोन, सगळे फोटो पाठवायलेत. नेटवर्क जड. पण टीसीपी हटत न्हाई, राहिलेला तुकडा पुन्हा पुन्हा पाठवतोय. क्रम सांभाळतोय. अभिमान वाटला.

१० मे, संध्याकाळ
सविस्तर लिहून ठेवतो, उद्या लोक उलटंसुलटं सांगतील.
बौद्धाचार्य उद्धवरावांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, प्रतिज्ञा झाल्या, माळा पडल्या. मी लॅपटॉपवर तुकडे मोजत होतो, हे सगळं मला माइकवरून ऐकू आलं. मग त्यांनी जाहीर केलं की वधूचे वडील परदेशातून आशीर्वाद देतील. मी दाजींना फोन लावला, म्हणालो, बोला. ते मग हळूच म्हणाले, "राजपाल, मला तर अजून खुर्च्याच लावायलेले दिसायलेत."
मी मांडवात निरोप पाठवला, चित्र कुवेत गाठेस्तोवर जरा थांबा. उद्धवराव थांबले. वरपक्ष उदगीरचा, त्यांना परत जायचं होतं, ते कुजबुजायले. मी लॅपटॉप सोडू शकत नव्हतो, सोडला असता तर क्रम तुटला असता.
तेवढ्यात माइकवर खरखर. शिवकन्येनं स्वतःच्या फोनवरून दाजींना व्हिडिओ कॉल लावून फोन माइकला धरलेला. दाजींचा आवाज आला. "रूपाली... बाळा... घर तुझं... रडू नको..." मग ते स्वतःच रडायले. अर्धे शब्द गळाले होते. टीसीपीनं एकही गळू दिला नसता.
माझ्या पेजवर माळा पडल्या तेव्हा मांडववाला कापड सोडत होता. पण पडल्या. पूर्ण पडल्या.

११ मे
निघताना अक्काला भेटलो. जेवण शिल्लक होतं, डबा भरून दिला. चूक पाहुण्यांच्या फोनची आहे. पुढच्या लग्नात दारावरच फोन जमा करून घ्यायचे.

८ जून
रूपाली माहेरी आलीय, फोटोंचा अल्बम घेऊन. घरच्या सगळ्यांचा एक मोठा फोटो आहे. अक्का, नवरा-नवरी, सासरची माणसं, आणि शिवकन्येच्या हातातल्या फोनमध्ये दाजी. दाजींचं तोंड चौकोन चौकोन फुटलेलं, पण मिशीवरून ओळखू येतात.
अल्बम पुन्हा पहिल्यापासून चाळला. मी कुठंच न्हाई. रूपालीनं विचारलं, मामा, तुम्ही कुठं होता? मी म्हणालो, मागं. टेक्निकल बाजूला.
घरी येऊन लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग लावलं. एक तुकडा कमी न्हाई. माळ घालायच्या आधी रूपालीनं मान वळवून मांडवभर बघितलं, कोणाला तरी शोधल्यासारखं. मग समोर बघितलं आणि माळ घातली.
शिवकन्या चहा घेऊन आली, शेजारी बसली. म्हणाली, "लगीन होऊन महिना झाला. आता कामून बघायलाव?"
मी म्हणालो, "मी बघितलंच न्हाई अजून."